भावोजींची खळ आणि ताईच्या बरण्या

माझ्या ताईच्या स्वयंपाकघरात परक्या माणसाने चहा करायला जाऊ नये. गेलाच तर त्याचं तो बघेल, मी सांगून मोकळी. तिथे साखर 'टोमॅटो सॉस'मध्ये असते, चहापत्ती 'अननसाच्या फोडी'त असते आणि मीठ हवं असेल तर ते संत्र्याच्या सरबताच्या बाटलीतून घ्यावं लागतं. हळद तेवढी मोहरीच्या सॉसच्या बरणीत, कारण रंग जुळतो, असं ताईचं म्हणणं. एकदा नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाने "तुम्ही बसा, मी करतो चहा" म्हणून चांगुलपणा दाखवला. बिचारा पुन्हा आमच्या गल्लीत दिसला नाही.

ह्या सगळ्याला कारण आमचे भावोजी, म्हणजे ताईचे यजमान. सॉस आणि जॅमच्या कारखान्यात आख्खी नोकरी त्यांनी एका खोलीत काढली. खळखोली म्हणायचे तिला. बरण्यांवर लेबलं चिकटवायला जी खळ लागते ती उकळायची, ढवळायची, दोन बोटांत घेऊन ताणून बघायची आणि यंत्राच्या टाकीत ओतायची, हे त्यांचं काम. त्यांच्या आधी जी खळ होती ती म्हणे हवा दमट झाली की सुटायची, गोदामात बरण्यांखाली लेबलांचा पाचोळा पडायचा. भावोजींनी त्यात कसलंसं पीठ आणि कसलीशी राळ घालून अशी काही खळ बनवली की बरणी पाण्यात बुडवा, उन्हात ठेवा, लेबल जागचं हलणार नाही. मोठ्या साहेबांनी पाठ थोपटली. तेव्हापासून भावोजींची मान जी ताठ झाली ती झालीच.

"बाटली फुटेल, पण लेबल सुटणार नाही," असं ते येईल त्याला सांगायचे. लग्नाच्या हॉलमध्ये, रेशनच्या रांगेत, दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडायच्या आधी.

आता झालं असं, की झाकण वाकडं बसलेल्या नाहीतर काचेत बुडबुडा असलेल्या रिकाम्या बरण्या कारखान्यातल्या माणसांना घरी नेता यायच्या. भावोजी त्या आणायचे, आणि ताई काटकसरी, ती ठेवून घ्यायची. नवी नवरी असताना तिने लेबलं काढायचा प्रयत्न केला होता. वरचा कागद फाटून आला, खालचा चिकट थर राहिला. त्यावर धूळ बसली, पदराचे दोरे बसले, एकदा एक झुरळ बसलं आणि ते तिथेच राहिलं. ताईने हात टेकले. मी म्हटलं, "अहो भावोजी, निदान घरातल्या बरण्यांची तरी लेबलं काढून द्या." तर ह्यांना वर कौतुकच! आल्यागेल्यासमोर बरणी ठेवायचे आणि म्हणायचे, "काढून दाखवा बघू." पाहुणे बिचारे नखं मोडून घरी जायचे.

मी त्यांचं नाव डिंकोबा ठेवलं. मेहुणी आहे मी, माझा तेवढा हक्क आहे. शिवाय माझं शिवणाचं दुकान त्यांच्या मागच्याच गल्लीत, त्यामुळे हक्क रोज बजावता येतो.

तसा माणूस वाईट नाही हो. प्रेमळ आहे, कुणाच्या अडल्यानडल्याला धावून जाणारा आहे. फक्त एक खोड. कुणीही काहीही विचारलं की ह्यांच्याकडे उत्तर तयार. रस्त्यात एखाद्याने टपाल कचेरी कुठे विचारली, तर हे इतक्या खात्रीने हात करून सांगतील की तो माणूस धन्यवाद देऊन थेट स्मशानाकडे चालू लागेल. मग दमूनभागून परत आला, तर म्हणायचे, "हलवली असेल हल्ली." पडले तरी नाक वर! ताईला विचारलं, की तू ह्यांच्याबरोबर कसा गं संसार केलास, तर ती म्हणायची, "ते उत्तर देतात, मी माझं काम करते." आणि स्वयंपाकघरात तर त्यांचा पाय कधी पडलाच नाही. ताट समोर आलं की जेवायचे. साखर कुठल्या सॉसमध्ये आहे हे त्या घरात मला ठाऊक होतं, मोलकरणीला ठाऊक होतं, शेजारणीला ठाऊक होतं. घराच्या मालकाला नव्हतं.

निवृत्त झाल्यावर त्यांच्या आयुष्यात एकच काम उरलं, ते म्हणजे नात. चार वर्षांची. एका जागी उभी म्हणून राहत नाही, सारखी गरगर, म्हणून मी तिला भिंगरी म्हणते. माझा भाचा बोटीवर नोकरीला, त्यामुळे घरात तो पाहुण्यासारखा. सूनबाई चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. दोघांचं घर वेगळं, पण जवळ. सूनबाई रोज सकाळी भिंगरीला आजीआजोबांकडे सोडायची आणि संध्याकाळी न्यायची. दिवसभर ते दोघं. ती त्यांच्या चपला घालून घरभर फिरायची, हे तिच्या मागे. डिंकोबांची खळ जगात कुणाला नीट लागली असेल तर ती त्या पोरीला लागली होती. आजोबा दिसले नाहीत की हिचं भोकाड सुरू.

पोरीला शेंगदाणे चालत नाहीत. लहान असताना एकदा नुसता दाणा चाखला आणि अंगभर गांधी उठल्या, तेव्हा कळलं. सूनबाईने सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. ताईने घरातलं शेंगदाण्याचं कूट उचलून वरच्या फळीवर एका बरणीत ठेवलं आणि मोलकरणीला सांगितलं, मला सांगितलं, शेजारणीलासुद्धा सांगितलं. भावोजींना सांगायचं तिच्या मनातही आलं नाही. स्वयंपाकघरात न जाणाऱ्या माणसाला काय सांगायचं? आणि त्या बरणीवर लिहिलं होतं, 'मिश्र फळांचा जॅम'.

एके दिवशी ताई भाजी आणायला गेली. भिंगरी म्हणाली, "आजोबा, ब्रेडला जॅम." आजोबा उठले. आयुष्यात पहिल्यांदा स्वयंपाकघरात शिरले, सगळ्या फळ्या वाचल्या, बरणी सापडली, उघडली. आत कोरडा भुगा. दुसरा कुणीही असता तर म्हणाला असता, हे जॅम नव्हे. भावोजी काय म्हणाले असतील? "वाळलाय." त्यांच्या हातचं लेबल खोटं कसं बोलेल! वासाने तरी कळायला हवं होतं, पण उकळत्या खळीपाशी उभं राहून नाक केव्हाच गेलेलं. त्यांनी त्या वाळलेल्या जॅममध्ये थोडं पाणी आणि साखर घातली (साखर कुठून मिळाली देव जाणे), चमच्याने घोटलं आणि ब्रेडला लावून दिलं. मला नंतर हे कळलं तेव्हा मी आधी हसले आणि मग अंगावर काटा आला.

पोरीचे ओठ सुजले, डोळे मिटले, श्वास घेताना शिट्टी वाजायला लागली. भावोजी तिला उचलून धावत सुटले ते कोपऱ्यावरच्या दवाखान्यापर्यंत. सूनबाईला शेजाऱ्यांनी फोन केला, तीही पोचली. डॉक्टर विचारताहेत, काय खाल्लं हिने?

"ब्रेड आणि जॅम," भावोजी म्हणाले.

"नक्की?"

"नक्की म्हणजे? मी स्वतः लेबल वाचून दिलंय. लेबल माझ्या हातचं आहे."

सूनबाई म्हणाली, "बाबा, शेंगदाणे नव्हते ना कशात?"

"अगं, जॅममध्ये शेंगदाणे कुठून येतील?" एवढ्या ठाम आवाजात, की डॉक्टर पोरीच्या अंगावर मधमाशी चावल्याची खूण शोधत बसले. तेवढ्यात ताई भाजीची पिशवी घेऊन धापा टाकत आली. मोलकरणीने तिला रस्त्यातच गाठून उघडी बरणी दाखवली होती. ताई दारातूनच ओरडली, "कूट होतं ते, शेंगदाण्याचं!" मग योग्य ते इंजेक्शन दिलं गेलं. पोर वाचली. थोडा आणखी उशीर झाला असता तर काय, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलं नाही.

सूनबाई त्या दिवशी पोरीला घेऊन थेट आपल्या घरी गेली. दुसऱ्या दिवसापासून भिंगरी पाळणाघरात जायला लागली. ताई रडली, विनवण्या केल्या. सूनबाईचं उत्तर एकच. "आई, त्या घरात कुठल्याच बरणीवर खरं लिहिलेलं नाही. तिथे मी माझी पोर सोडणार नाही. आधी ती लेबलं काढा. मग बघू."

रविवारी ती पोरीला घेऊन यायची, पण स्वतः पूर्ण वेळ बसून राहायची आणि जाताना घेऊन जायची. पोर जिन्यावरून "आजोबा, आजोबा" करत ओरडत जायची. त्या रविवारी भावोजी जेवायचे नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, मग लेबलं काढायची आणि मोकळं व्हायचं. छे! सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. पहिले काही दिवस भावोजी म्हणत होते, "लेबलाचा काय दोष? हिने जॅमच्या बरणीत कूट भरलं, हिचा दोष." ताईने कपाळाला हात लावला. मी मात्र ऐकून घेतलं नाही. म्हटलं, "भावोजी, तुमच्या लेबलांची पूजा बांधा आणि नातीचा फोटो लावा शेजारी. कारण आता फोटोच बघायचाय तुम्हाला." जरा जास्तच बोलले. पण लागलं. दुसऱ्या दिवशी ताईचा फोन, "अगं, ह्यांनी सगळ्या बरण्या खाली काढल्यात."

आणि इथेच घोडं पेंड खायला लागलं. ज्या माणसाने जन्मभर लेबलं चिकटवली, त्याला ती काढायची कशी हे ठाऊक नव्हतं! का ठाऊक असावं? त्यांनी कधी एक काढायचा प्रयत्न केला नव्हता. न निघणं हाच तर त्यांचा मोठेपणा. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तसं झालं.

पण विचारायचं कुणाला? डिंकोबा आणि विचारणार? मग सुरू झाले प्रयोग. पहिल्या दिवशी त्यांनी मोठ्या पातेल्यात पाणी उकळलं आणि गार बरणी त्यात सोडली. काच तडकली. "जुनी होती," म्हणाले. दुसऱ्या दिवशी दाढीचं ब्लेड घेऊन खरवडायला बसले. लेबल गेलं पाव, बोट गेलं अर्धं. तिसऱ्या वेळी शेजारणीकडून नेलपॉलिश काढायचं पाणी मागून आणलं. कशाला हवंय हे सांगितलं नाही, त्यामुळे सगळ्या इमारतीत भलत्याच चर्चा झाल्या. काचेवर ते जरा चाललं, पण मग ह्यांनी ते प्लास्टिकच्या डब्यावर चोळलं. डब्याला मोतीबिंदू झाला आणि लेबल तसंच! डब्यातून काही दिसेना, लेबल मात्र स्वच्छ वाचता येत होतं. हे सगळं मला ताई फोनवर सांगायची आणि हसून हसून माझ्या सुईतला दोरा निघायचा.

मग एका दुपारी भावोजी माझ्या दुकानात आले. हातात कापडी पिशवी. आधी म्हणाले, पाऊस पडेल असं वाटतं. मग म्हणाले, हे मशीन नवीन का. मशीन माझ्या लग्नाआधीचं आहे. मग गिऱ्हाइकाच्या ब्लाउजची बाही उचलून बघितली आणि म्हणाले, छान बसलीय. मी ओळखलं. ताकाला आलेत आणि भांडं लपवताहेत.

"पिशवीत काय आहे, भावोजी?"

"काही नाही. बरणी आहे एक."

"बरणीला ब्लाउज शिवायचाय का?"

त्यांनी बरणी काढून मशीनवर ठेवली. लेबल कोपऱ्यातून ओरबाडलेलं, मधे कागदाच्या चिंध्या, त्यावर रक्ताचा एक वाळलेला ठिपका. त्यांच्या तीन बोटांना पट्ट्या होत्या. माझ्या तोंडात कोट्या तयार होत्या, चांगल्या पाचसहा, पण ती बोटं बघून मी त्या गिळल्या. सगळ्या नाही, बऱ्याचशा.

"तुझ्याकडच्या बरण्या कोऱ्या असतात," ते भिंतीकडे बघत म्हणाले. माझ्या दुकानात बटणांच्या बरण्यांची रांग आहे. त्यांच्याच कारखान्यातल्या, ताईने दिलेल्या. एकीवरही लेबल नाही. ते इतकी वर्षं दुकानात येत होते आणि त्या रांगेकडे पाठ करून बसत होते, हे मला माहीत होतं. ते स्वतः विचारतील तेव्हाच सांगायचं, असं मी ठरवलं होतं, म्हणून ताईलाही बोलले नव्हते.

"तेल," मी म्हटलं.

"काय?"

"खायचं तेल. आधी बरणी कोमट पाण्यात ठेवायची, उकळत्या नाही. कागद भिजून वर येतो, तो अंगठ्याने सारायचा. खाली चिकट थर राहतो, त्यावर तेल चोळायचं आणि चहा पिऊन यायचं. मग खायचा सोडा आणि तेल कालवून लेप करायचा, जुन्या सुती कापडाने गोल गोल घासायचं. ब्लेड लावायचं नाही. शेवटी साबण."

"तेलाने निघते? माझी खळ?" त्यांचा चेहरा असा झाला, की जणू मी त्यांच्या मुलीबद्दल काही वावगं बोलले. "तेलाने?"

"गल्लीतल्या सगळ्या बायका काढतात, भावोजी. तुमच्या पाठीमागे. काहीजणी केस वाळवायच्या यंत्राने गरम करून काढतात, काही व्हिनेगरने. तुमच्या खळीने आम्हाला फार शिकवलं."

त्यांनी बरणी परत पिशवीत ठेवली. मग म्हणाले, "कापड दे तुझ्याकडचं, सुती." मी चिंध्यांचं गाठोडंच दिलं.

पुढचे दिवस त्या घरात जे चाललं ते बघायला मी मुद्दाम कामं सोडून जायची. न्हाणीघरात बादल्या, बादल्यांत बरण्या, आणि पाटावर बसून भावोजी. कोपरापर्यंत तेल. बोटांनी लेबलाची कड चाचपायची, जिथे कागद उचलतोय तिथून हळूच सारत जायचं. सुटलेला कागद ते टाकायचे नाहीत, आधी नीट पसरून बघायचे. मी म्हटलं, "श्राद्ध घालताय का लेबलांचं?" तर म्हणाले, "खळ बघतोय. किती सारखी बसलीय बघ." मला काय दिसणार, मला मळका कागद दिसत होता. पण त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, तेव्हा मी म्हटलं, हो, सारखी आहे.

बरणी कोरी करायची म्हणजे आधी रिकामी करायला हवी. म्हणजे ताईला विचारायला हवं की आतलं काय आणि ते कुठे काढून ठेवू. पहिल्या बरण्यांना ताईनेच सगळं केलं. मग तिची कंबर धरली, आणि हे स्वतः करायला लागले. आतला जिन्नस परातीत ओतायचा, बरणी घासायची, वाळवायची, पुन्हा भरायची. "हे काय गं?" "जिरं." "आणि हे?" "बडीशेप." "एकच तर दिसतंय." "चावून बघा." हा माणूस ह्या वयात जिरं आणि बडीशेप चावून बघत होता! ताईच्या चेहऱ्यावर रागही होता, हसूही होतं. मला म्हणाली, "लग्न झालं तेव्हा आले असते स्वयंपाकघरात, तर पोरं तरी मदतीची झाली असती."

शेवटच्या बरणीचं लेबल निघालं आणि सगळ्या फळ्या लखलखायला लागल्या. नुसती काच. ठरलं असं, की रविवारी सूनबाई यायच्या आधी पांढऱ्या कागदावर खरी नावं लिहून चिकटवायची. भावोजी म्हणाले, मी खळ करतो. ताई म्हणाली, "खबरदार! माझ्या घरात पुन्हा खळ शिजली तर मी माहेरी जाईन." ह्या वयात माहेर म्हणजे माझंच घर, त्यामुळे मीसुद्धा ताईची बाजू घेतली. मग वाण्याकडून साध्या चिकटपट्टीचं बंडल आणायचं ठरलं.

पण सूनबाई रविवारची थांबली नाही. शुक्रवारी सकाळीच आली, कामावर जाता जाता, भिंगरीला कडेवर घेऊन. पाळणाघराच्या बाईंना ताप आला होता. मी तिथेच होते. भिंगरी खाली उतरली ती थेट आजोबांच्या चपलांत. सूनबाई सरळ स्वयंपाकघरात गेली आणि दारातच थांबली.

"हे काय?"

"लेबलं काढली," ताई अभिमानाने म्हणाली.

"ते दिसतंय. पण आई, हे तर आणखी वाईट. आधी बरण्या खोटं बोलत होत्या, आता मुक्या झाल्या."

अगं बाई, म्हटलं, झालं! पुढे होऊन मी सांगायला लागले, की रविवारी नावं लावणार आहेत, ह्यांनी बोटं सोलून घेतलीत, आणि तू जरा... पण सूनबाईने ऐकलं नाही. तिने भावोजींना हाक मारली. ते येऊन उभे राहिले, शाळेत फळ्यासमोर उभं केल्यासारखे.

"बाबा, तुमच्याकडे ठेवून गेले आणि आई घरात नसल्या, तर तुम्हाला कळेल कशात काय आहे?"

"कळेल की."

"ह्यात काय?"

"मीठ."

"ह्यात?"

"तांदळाचं पीठ. शेजारची कणीक."

"आणि हे?"

"जिरं. बडीशेप ती, बाजूची. चावून बघितलीय."

ताई पदर तोंडाला लावून उभी होती. एकेक बरणी बरोबर येत होती. मनात म्हटलं, शाब्बास डिंकोबा! मग सूनबाईने वरच्या फळीवरची एक बरणी उतरवली. आत भुरकट, बारीक चुरा. ही ताईने आदल्या दिवशी भरली होती, भावोजी झोपले असताना. मला माहीत होतं, ब्रेडचा चुरा आहे. कूट त्या घरातून केव्हाच गेलं होतं. पण भावोजींना कुठून माहीत असणार?

त्यांनी बरणी हातात घेतली. उजेडात धरली. हलवली. झाकण उघडून नाकाशी नेली, आणि मग स्वतःच मान हलवली, नाकाचा काय उपयोग. त्यांचा श्वास जोरात चालला होता. सूनबाईचा चेहरा मला दिसत होता, ती त्यांच्याकडे टक लावून बघत होती. बाहेर भिंगरी चपला फटफटवत गोल फिरत होती.

मला राहवेना. मी सूनबाईच्या पाठीमागे उभी होते. हाताने ब्रेड कापल्यासारखं केलं, मग चुरल्यासारखं केलं, मग तोंडाने न बोलता म्हटलं, ब्रेड, ब्रेड. भावोजींनी मला बघितलं. नीट बघितलं. कळलंही असावं त्यांना, इतका काही ठोंब्या माणूस नाही तो. मी म्हटलं सुटलो, आता उत्तर देतील.

भावोजींनी बरणी ओट्यावर ठेवली.

"मला माहीत नाही," ते म्हणाले. "तुझ्या मागे ही काहीतरी हातवारे करतेय, पण त्यावर मी पोरीला खायला नाही देणार. तुझ्या सासूला विचारून सांगतो." मग ताईकडे वळून, "अगं, ह्यात काय भरलंयस?"

"ब्रेडचा चुरा," ताई कशीबशी म्हणाली.

"ब्रेडचा चुरा आहे," त्यांनी सूनबाईला सांगितलं.

मी हात खाली घेतले. सूनबाईचे डोळे भरले, आणि ती बाई सहसा रडणारी नाही.

"बाबा," ती म्हणाली, "त्या दिवशी डॉक्टरांना एवढंच सांगायचं होतं."

भावोजी ओट्याला धरून उभे राहिले. "माझी पोर हातातून जात होती," ते म्हणाले, "आणि मी लेबलाचं नाव सांभाळत बसलो होतो. चुकलो गं. फार चुकलो."

सूनबाईने खांद्यावरची भिंगरीची पिशवी काढून खुर्चीवर ठेवली. त्यातून औषध आणि तयार इंजेक्शन ठेवलेली डबी काढली आणि भावोजींच्या तेलकट हातात दिली. ओठ सुजले तर आधी काय द्यायचं, श्वास वाजायला लागला तर कुठे टोचायचं, कुणाला फोन करायचा, हे ती सांगायला लागली. त्यांनी तिला मधेच थांबवलं. म्हणाले, "थांब, हे सुईचं परत दाखव." तिने दाखवलं. "आणि मांडीवरच टोचायचं? कपड्यावरून चालतं?" तिने सांगितलं. "आता मी सांगतो, तू ऐक, कुठे चुकलो तर बोल." तिने ऐकलं, आणि ते चुकले, आणि तिने सांगितलं, आणि त्यांनी पुन्हा पहिल्यापासून विचारायला सुरुवात केली. खाली तिच्यासाठी थांबलेला रिक्षावाला हॉर्न वाजवून कंटाळला. सूनबाईने खिडकीतून त्याला जायला सांगितलं आणि भावोजींच्या शेजारी बसून राहिली.